मूड बदलण्याच्या आजारावरील औषधे : 'चांगली गोळी कोणती?' या प्रश्नाचे खरे उत्तर

घरातल्या एखाद्याला 'बायपोलर' आजार आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की कुटुंबाकडून आम्हाला हमखास एक प्रश्न येतो. यातली चांगली गोळी कोणती? शेजारच्या बाईला एक गोळी लागू पडलेली असते, मावसभावाला दुसरी चालू असते, मेडिकलवाला तिसरेच काही सांगतो. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो आणि डॉक्टरांसमोर बसायला जेमतेम काही मिनिटे मिळतात. त्यात हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आम्ही डॉक्टर नाही. वस्त्यांमध्ये रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करणारे सामाजिक कार्यकर्ते आहोत. औषध ठरवणे आणि बदलणे हे मानसोपचारतज्ज्ञाचेच काम आहे. पण आमचा अनुभव असा, की गुण येत नाही म्हणून गोळी सोडणारे थोडे असतात. वजन वाढले, हात थरथरायला लागला, पाळी चुकली, दिवसभर गुंगी राहते, आणि हे होऊ शकते असे आधी कोणीच सांगितले नव्हते, म्हणून गोळी सोडणारे जास्त असतात. गोळी सुटली की आजार उलटतो, नोकरी जाते, कर्ज होते, घर मोडायला येते. म्हणून या औषधांची तुलना साध्या भाषेत मांडत आहोत.

आधी आजार समजून घेऊ

सकाळी आनंदी आणि संध्याकाळी चिडचिड, याला बायपोलर म्हणत नाहीत. या आजारात मनःस्थितीचे दोन टोकाचे काळ येतात आणि ते दिवसेंदिवस टिकतात. एक उन्मादाचा काळ, ज्याला डॉक्टर 'मेनिया' म्हणतात. तो साधारण आठवडाभर किंवा त्याहून जास्त चालतो. दोन-तीन तास झोपूनही थकवा नसतो, बोलणे थांबत नाही, मोठमोठ्या योजना सुचतात, पैसे उधळले जातात, कोणी अडवले तर भांडण होते. दुसरा काळ नैराश्याचा. तो किमान दोन आठवडे चालतो. अंथरुणातून उठवत नाही, भूक-झोप बिघडते, जगण्यात अर्थ वाटत नाही.

उन्माद लवकर ओळखू येत नाही, कारण सुरुवातीला तो उत्साहासारखा दिसतो. जयंतीच्या तयारीत चार रात्री जागून मंडप, मिरवणूक, वर्गणी सगळे सांभाळणारे कार्यकर्ते प्रत्येक वस्तीत असतात. तो आजार नव्हे. फरक असा, की १४ एप्रिल उलटला की बाकीचे दिवसभर झोपून काढतात. आजारी माणसाला मात्र मे महिन्यातही झोप लागत नाही, तो उसनवारी करून नवे कार्यक्रम जाहीर करत राहतो.

हे डॉक्टरांना सांगणे फार महत्त्वाचे आहे. रुग्ण सहसा नैराश्यात असताना दवाखान्यात येतो आणि आधीच्या 'जोशाच्या' काळाबद्दल कोणी बोलत नाही. मग फक्त नैराश्याची गोळी सुरू होते, आणि बायपोलर असलेल्या काही जणांना ती एकटी गोळी उन्मादाकडे ढकलू शकते. थायरॉइडच्या बिघाडानेही मनःस्थिती बदलते. त्यामुळे डॉक्टर सुरुवातीला रक्ततपासणी सांगतात, ती टाळू नये.

बंगळूरुच्या 'निमहान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आपल्या देशात हा आजार असलेल्या दर १० पैकी सुमारे ७ जणांना उपचार मिळत नव्हते. ज्यांना मिळतात त्यांचे उपचार मध्येच सुटू नयेत, म्हणून पुढची माहिती.

लिथियम : सर्वात जुने, सर्वात पारखलेले

लिथियम हा एक क्षार आहे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग होतो हे दाखवून दिले. आज सत्तर वर्षांहून अधिक काळ उलटला, तरी आजार पुन्हा उलटू नये यासाठी लिथियमचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याच्याइतका भक्कम पुरावा या गटातल्या दुसऱ्या औषधामागे नाही. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'बॅलन्स' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ३३० रुग्णांचा दोन वर्षांपर्यंत मागोवा घेतला होता. त्या काळात आजार उलटून नव्याने उपचाराची गरज पडली अशांचे प्रमाण नुसत्या व्हॅल्प्रोएटवर ६९ टक्के, नुसत्या लिथियमवर ५९ टक्के आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ५४ टक्के होते. म्हणजे लिथियम व्हॅल्प्रोएटपेक्षा सरस ठरले, पण कोणतीही गोळी पूर्ण हमी देत नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते.

लिथियमची अडचण अशी, की गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडेच असते. म्हणून रक्तातली पातळी तपासावी लागते. शेवटची गोळी घेतल्यानंतर साधारण १२ तासांनी रक्त द्यायचे असते. सकाळची गोळी खाऊन लॅबमध्ये गेले तर आकडा चुकीचा येतो. नियमित उपचारात ही पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. १.५ च्या वर गेली की विषबाधेचा धोका वाढतो.

नेहमीचे दुष्परिणाम म्हणजे हाताला बारीक थरथर, जास्त तहान, वारंवार लघवी, थोडे वजन वाढणे. दीर्घकाळात थायरॉइड मंदावू शकते आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. म्हणून साधारण सहा महिन्यांनी थायरॉइड, क्रिएटिनिन आणि कॅल्शियमची तपासणी सांगतात. थायरॉइड मंदावली म्हणजे लिथियम बंदच करावे लागते असे नाही. बऱ्याचदा थायरॉइडची गोळी जोडून भागते.

आमच्या वस्त्यांच्या दृष्टीने लिथियमबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, ऊन. बांधकाम, वीटभट्टी, ऊसतोडणी, हमाली करणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे जाते आणि रक्तातले लिथियम वाढते. उलट्या-जुलाबातही हेच होते. पाणी भरपूर प्यावे, मीठ अचानक बंद करू नये. जुलाब किंवा ताप असेल तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

दुसरी, अंगदुखीची गोळी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामकांनी लिथियमची पातळी चढते. दिवसभर कष्ट करणारा माणूस मेडिकलमधून ही गोळी सहज घेतो. लिथियम चालू असल्याचे सांगून डॉक्टरांना विचारावे. सहसा पॅरासिटामॉल सुचवले जाते.

तिसरी, रक्तदाबाची औषधे. त्यातल्या काहींनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, लिथियम साठते. बीपीचे डॉक्टर वेगळे असतील तर दोघांनाही दोन्ही चिठ्ठ्या दाखवाव्यात.

हाताची थरथर एकदम जोरात वाढली, उलट्या-जुलाब सुरू झाले, बोलणे अडखळायला लागले, तोल जाऊ लागला किंवा गुंगी आली, तर पुढची गोळी न देता रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे.

व्हॅल्प्रोएट : लवकर काम करणारे, पण तरुण स्त्रियांसाठी धोक्याचे

सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स ही मुळात फिट्सवरची औषधे. मेडिकलवाला 'ही फिटची गोळी आहे' म्हणतो आणि घरचे घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. फिट्सवरची काही औषधे मनःस्थितीही स्थिर ठेवतात. चढलेला उन्माद उतरवायला व्हॅल्प्रोएट लवकर उपयोगी पडते.

वजन वाढणे, केस गळणे, हात थरथरणे, पोट बिघडणे, झोप येणे हे त्याचे नेहमीचे त्रास. क्वचित यकृताला सूज येते किंवा रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होतात. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, अंगावर काळे-निळे डाग पडू लागले तर लगेच दाखवावे. तरुण मुलींमध्ये पाळी अनियमित होणे आणि पीसीओएसचा त्रासही दिसतो.

सर्वात मोठा प्रश्न गर्भधारणेचा आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दर १०० पैकी सुमारे १० बाळांना जन्मजात व्यंग असू शकते. एरवी हे प्रमाण १०० मागे दोन-तीन असते. शिवाय ३० ते ४० टक्के मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात, बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. फॉलिक अ‍ॅसिड घेतल्याने हा धोका जात नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून गर्भनिरोधनाची पक्की व्यवस्था असल्याशिवाय मुली-महिलांना हे औषध द्यायचे नाही असा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये याबाबत स्पष्ट इशारा दिला.

आपल्याकडे हा प्रश्न लग्नाशी जोडला जातो. मुलीचा आजार सासरी कळू नये म्हणून चिठ्ठी माहेरीच राहते. मग दोनपैकी एक घडते. मुलगी गोळ्या अचानक सोडते आणि लग्नानंतर काही महिन्यांत आजार उफाळतो, किंवा ती लपून त्याच गोळ्या घेत राहते आणि दिवस गेल्यावर धोका लक्षात येतो. दोन्हींत भोगते ती मुलगीच, आणि दोषही तिलाच दिला जातो. लग्न ठरवण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटून 'पुढे मूल हवे आहे, औषध बदलता येईल का?' असे विचारणे हाच मार्ग आहे. बदल सावकाश करावा लागतो, त्याला काही महिने द्यावे लागतात. गोळी चालू असताना दिवस गेलेच, तर स्वतःहून गोळी बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि लॅमोट्रिजिन

कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन हीसुद्धा मुळात फिट्सवरची औषधे. चक्कर, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणे, गुंगी हे सुरुवातीचे त्रास. रक्तातले सोडियम कमी होऊ शकते, आणि वयस्कर माणसांत त्यामुळे गोंधळलेपणा येतो. कार्बामाझेपिनमुळे क्वचित रक्तपेशी कमी होतात, म्हणून रक्त तपासतात. या गोळ्यांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. ही बाब महिलांना क्वचितच सांगितली जाते. गर्भावर कार्बामाझेपिनचाही परिणाम होऊ शकतो.

लॅमोट्रिजिनचे बलस्थान वेगळे आहे. नैराश्याचे काळ पुन्हा पुन्हा येऊ नयेत यासाठी ते चांगले, पण चढलेल्या उन्मादावर त्याचा उपयोग नाही. वजन सहसा वाढत नाही, गुंगी कमी असते. व्हॅल्प्रोएटच्या तुलनेत गर्भावरील धोका बराच कमी असल्याने तरुण स्त्रियांसाठी डॉक्टर त्याचा विचार करतात.

त्याची अट म्हणजे सावकाशपणा. सहसा पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५० मिलिग्रॅम, असे हळूहळू वाढवतात. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर याहूनही सावकाश. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका वाढतो. पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड असे दिसले तर लगेच दवाखाना गाठावा. कार्बामाझेपिनबाबतही हीच खबरदारी. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : लॅमोट्रिजिन पाच-सहा दिवस चुकले, तर पुन्हा जुन्याच मात्रेने सुरू करू नये. डॉक्टर बहुधा पहिल्या पायरीपासून सुरू करायला सांगतात.

ओलान्झापिन, क्वेटियापिन आणि त्यांची भावंडे

या गटाला 'अँटिसायकोटिक' म्हणतात. कोणीतरी 'वेड्यांची गोळी' म्हणून हिणवते आणि रुग्ण गोळ्या फेकून देतो. खरे तर उन्माद लवकर आटोक्यात आणण्यात ही औषधे सर्वात पुढे आहेत, आणि काही जणांना ती दीर्घकाळही लागतात. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

ओलान्झापिनने झोप आणि भूक दोन्ही परत येतात, पण वजन आणि रक्तातली साखर वाढण्याचा धोका या गटात सर्वात जास्त असलेल्यांपैकी ते एक आहे. क्वेटियापिन उन्माद आणि नैराश्य दोन्हींवर चालते. गुंगी मात्र बरीच येते आणि उठताना चक्कर येऊ शकते. रिस्पेरिडोनने शरीरातले प्रोलॅक्टिन वाढून पाळी थांबू शकते, स्तनांतून दूध येऊ शकते, पुरुषांत लैंगिक अडचणी येऊ शकतात. लाजेने हे कोणी बोलत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. अरिपिप्राझोलने वजन तुलनेने कमी वाढते, पण काहींना एका जागी बसवत नाही इतकी बेचैनी येते. घरच्यांना वाटते आजार वाढला, पण तो गोळीचा परिणाम असू शकतो. हॅलोपेरिडॉल हे जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध. त्याने अंग आखडणे, मान वाकडी होणे, हात कापणे जास्त होते.

या गटातले औषध सुरू होताना वजन, कंबरेचा घेर, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची नोंद करून ठेवावी आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासावे.

मग तुलना कशी करायची?

'कोणती चांगली?' यापेक्षा 'या माणसाच्या जगण्यात कोणती बसेल?' असे विचारावे. उन्हात राबणारा आणि नियमित रक्त तपासायला न जाऊ शकणारा मजूर असेल, तर लिथियमबाबत आधीच बोलायला हवे. घरात मधुमेह असेल तर ओलान्झापिनबाबत. मूल होण्याच्या वयातील स्त्री असेल तर व्हॅल्प्रोएटबाबत. ड्रायव्हर, वॉचमन किंवा यंत्रावर काम करणारा असेल तर गुंगी आणणाऱ्या औषधाची वेळ कोणती असावी याबाबत. वरचेवर गावाला जाऊन गोळ्या चुकवणारा असेल तर लॅमोट्रिजिनबाबत. आत्महत्येचा प्रयत्न झालेला असेल तर लिथियमचा विचार झाला आहे का, हे आवर्जून विचारावे. त्या घरात गोळ्यांचा साठा मात्र दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असावा.

बऱ्याच दुष्परिणामांवर उपायही असतो. मात्रा कमी करणे, गोळीची वेळ बदलणे, दुसरे औषध निवडणे. हे करता यावे म्हणून डॉक्टरांना त्रास सांगावा लागतो. गोळी अचानक बंद करणे हा उपाय नाही. लिथियम एकदम थांबवले तर उन्माद लवकर आणि जोरात परत येऊ शकतो. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत. दारूने गुंगी वाढते, झोप मोडते आणि औषधाचा हिशेब बिघडतो.

ध्यान करणाऱ्यांसाठी

आपल्या समाजात अनेक जण मनःशांतीसाठी विपश्यनेला जातात. दहा दिवसांच्या शिबिराआधी 'आता गोळ्यांची गरज नाही' म्हणून औषध सोडल्याची उदाहरणे आमच्यासमोर आहेत. शिबिराच्या नियमावलीतच स्पष्ट म्हटले आहे, की हा वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही. अर्जात मानसिक आजाराची माहितीही विचारतात. ती लपवू नये, आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. कमी झोप आणि दिवसभराचे मौन या आजारात काहींना झेपत नाही. औषध घेणे म्हणजे श्रद्धा किंवा साधना कमी पडणे, असे समजण्याचे कारण नाही. औषध हे भिक्खूंच्या चार मूलभूत गरजांपैकी एक मानले गेले, आणि विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

विचारणे हा हक्क आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ नुसार, सुचवलेल्या उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, तीही त्याला समजेल अशा भाषेत. म्हणजे मराठीत. 'गोळीचे दुष्परिणाम काय?' असे विचारणारा रुग्ण डॉक्टरांवर अविश्वास दाखवत नसतो. याच कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण द्यायचे आहे.

पुढच्या भेटीला जाताना वहीत एवढे लिहून न्यावे :

१. आजाराचे नाव काय आणि ही गोळी उन्मादासाठी, नैराश्यासाठी की दोन्हींसाठी?
२. सुरुवातीच्या महिन्यात कोणते त्रास होतील आणि ते किती दिवसांत कमी होतील?
३. कोणते लक्षण दिसले तर त्याच दिवशी यायचे?
४. कोणती तपासणी, कधी, आणि ती इथे मोफत होते का?
५. अंगदुखी, बीपी, फिट्स किंवा गर्भनिरोधाच्या गोळ्या चालतील का?
६. लग्न किंवा मूल यांचा विचार असेल तर औषध कधी बदलायचे?

वहीतच रोजची झोप किती तास झाली हेही लिहावे. झोप अचानक कमी होणे ही उन्मादाची पहिली खूण असते, आणि ती डॉक्टरांच्या आधी घरच्यांना दिसते.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल चौकशी करावी. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण विभागातही दाखवता येते. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. गोळी नकोशी झाली असेल, तर ती सोडण्याआधी हा एक फोन जरूर करावा.